मिरचीच्या पथारीवरचे गुण

मोठा शिक्षक गेला की एक अख्खी पिढी पोरकी होते.

हे वाक्य माझं नाही, भास्कर. तुझ्या शोकसभेत प्राचार्यांनी ते म्हटलं, आणि नेमक्या 'पोरकी' या शब्दावर माइकनं अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी कान हातांनी झाकले. तुझी पोरकी पिढी मागे भिंतीला टेकून उभी होती. त्यातली दोन मुलं आणि एक मुलगी, कुणीही सांगितलेलं नसताना, पुढे आली. मुलीनं भोंग्याचं तोंड श्रोत्यांकडे वळवलं, एका मुलानं माइक हातभर मागे घेतला, दुसऱ्यानं बटण जरासं खाली आणलं. शिट्टी थांबली. तिघं परत भिंतीपाशी गेली आणि तिथं उभं राहून रडली. प्राचार्य म्हणाले, "तर मी काय म्हणत होतो," आणि तेच वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हणाले.

तू असतास तर दुसऱ्यांदा म्हटलेलं कापलं असतंस. नंतर विचार करून पहिल्यांदा म्हटलेलंही.

फोटोखाली 'ध्वनीचे उपासक' असं छापलं होतं. फोटोत तुझ्या डाव्या कानात कापसाचा बोळा आहे, हे हार घालणाऱ्यांपैकी कुणाच्या लक्षात आलं नसावं. थंडीत तू तो घालायचास आणि वर म्हणायचास, "उजव्यानी आयकस मी. डावा परीक्षा विभागासाठे शे." परीक्षा विभाग म्हणजे मी. अंतर्गत परीक्षांचं काम माझ्याकडे, त्यामुळे महाविद्यालयात तुझ्याशी सर्वांत जास्त भांडलेला माणूसही मीच. म्हणूनच बहुधा सभा संपल्यावर प्राचार्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. "तुम्ही त्यांचे जवळचे," ते म्हणाले. "त्यांच्या विषयाचे गुण आलेत. एका मुलीचे तेवढे राहिलेत. तुम्हीच बघा काय ते."

ती मुलगी म्हणजे रमिला. सातपुड्यातल्या मोलगीच्याही वरच्या पाड्यातली. आजारी पडण्याच्या आदल्या आठवड्यात तू तिच्याविषयी मला कॅन्टीनमध्ये म्हणाला होतास, "तिन्हं दुसरं आयकनं बाकी शे, शेठ. मंग पाहू." माझं घर नवापूरच्या कापडदुकानवाल्यांचं, म्हणून पहिल्या दिवसापासून तू मला शेठ म्हटलंस. माझ्या नावानं मला हाक मारल्याचं आठवत नाही. तुला ते माहीत होतं की नाही, याचीही मला कधीकधी शंका येते.

'दुसरं ऐकणं' म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना मला नेहमी अडचण व्हायची, कारण समजावता समजावता मी तुझ्या बाजूनं बोलू लागायचो.

तुझा विषय प्रसारण निर्मिती. मुलांनी रेडिओचा छोटा कार्यक्रम करायचा: विषय शोधायचा, माणसांना बोलतं करायचं, आवाज पकडायचे, कापायचे, जोडायचे. विद्यापीठाचा तक्ता सरळ होता. विषयनिवड, भाषा, तांत्रिक गुणवत्ता, सादरीकरण, प्रत्येकाला गुण. खोलीत बसून ऐकायचं आणि रकाने भरायचे. तू पहिल्याच वर्षी तो तक्ता घेऊन माझ्याकडे आलास आणि विचारलंस, "यामा आयकनारा कठे शे?" मी म्हटलं, परीक्षक ऐकतो की. तू म्हणालास, "त्याले तर पगार भेटस आयकाना."

आणि मग तू मुलांना घेऊन मिरचीच्या पथारीवर गेलास. गावाबाहेर ओली लाल मिरची उन्हात पसरलेली असते, तिच्या कडेला तोंडाला फडकी बांधून बायका देठ खुडत बसलेल्या असतात. मजुरी वजनावर, त्यामुळे हात थांबत नाहीत. गप्पाही थांबत नाहीत. तिथं तू बाभळीच्या खोडाला भोंगा टेकवायचास आणि मुलाचा कार्यक्रम लावायचास. ज्याचा कार्यक्रम त्यानं भोंग्याकडे पाठ करून बायकांकडे बघत बसायचं. नियम एकच. गप्पा बंद पडल्या तर कार्यक्रम जिवंत. जिथं गप्पा सुरू झाल्या तिथं तो मेला. कुठं मेला ते मुलानं स्वतः टिपायचं. ठसका धरायचा नाही; तिथं ठसका सगळ्यांनाच लागतो, तो अभिप्राय नव्हे.

पण गुण त्या दिवशी मिळायचे नाहीत. मुलानं परत जाऊन कार्यक्रम कापायचा, पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथंच आणायचा, आणि वाजवून झाल्यावर तू एकच प्रश्न विचारायचास: "काय कापलंस? का कापलंस?" गुण त्या उत्तराला. ठेवलेल्याला गुण द्यायचे तर सगळेच देतात, असं तुझं म्हणणं. मुलगा काय शिकला हे त्यानं टाकून दिलेल्यात दिसतं.

मी म्हटलं होतं, हे मूल्यमापन नाही, तमाशाचा फड आहे. बायकांना आवडलं की मुलगा पास. उद्या सगळे गाणी लावतील. तू म्हणालास, "लावू दे. पयले गाण्याले गप ऱ्हातीस. दुसऱ्याले घरनं बोलू लागतीस." आणि तसंच झालं. पुढच्याच वर्षी एकानं तीन गाणी लावली. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर बायकांनी कुणाच्या तरी सासूचा विषय काढला आणि तो मुलगा इतका लालबुंद झाला की मिरचीत हरवला असता.

विद्यापीठाची समिती आली होती तेव्हाचं तुझं वागणं मला अजून आवडतं, जरी तेव्हा घाम मला फुटला होता. कोटातल्या अध्यक्षांनी विचारलं, "अध्ययन निष्पत्तीचं मापन आपण कोणत्या साधनानं करता?" तू म्हणालास, "मिरचीनं." त्यांना तो एखादा परदेशी संक्षेप वाटला असावा, त्यांनी तो लिहून घेतला. मग तू त्यांना गाडीत घालून पथारीवरच नेलंस. अध्यक्ष उतरले आणि जे शिंकायला लागले ते गाडीत परत बसेपर्यंत शिंकत राहिले. बायका गप्प झाल्या, हे मी स्वतः पाहिलं. तुझ्या नियमानं त्या दिवसाचा सर्वांत यशस्वी कार्यक्रम तोच होता. समितीनं अहवालात लिहिलं: 'समाजाभिमुख मूल्यमापनाचा अनुकरणीय प्रयोग.' तुझी पद्धत त्यानंतर कुणी बंद करू शकलं नाही. शिंकेचा एवढा शैक्षणिक उपयोग दुसरीकडे झाला असेल असं वाटत नाही.

एकदा मात्र मी तुला पकडलं, असं मला वाटलं होतं. मुलं हुशार झाली होती. कापलेल्याला गुण मिळतात म्हटल्यावर ती पहिल्या खेपेला मुद्दाम रद्दी भरायला लागली, म्हणजे दुसऱ्या खेपेला कापता येईल. शहाद्याच्या एका मुलानं तर साखर कारखान्यावरच्या कार्यक्रमात आपल्या काकांचं शुभेच्छापर भाषण घातलं. काका कुठल्याशा मंडळाचे अध्यक्ष. पहिल्या खेपेला काका स्वतः पथारीवर येऊन, पांढऱ्या कपड्यांवर मिरची उडू नये म्हणून लांब उभे राहून ऐकून गेले. दुसऱ्या खेपेला भाषण नव्हतं. काका प्राचार्यांकडे तक्रार घेऊन आले. चौकशी माझ्याकडे, म्हणून मला सगळा बनाव कळला.

मी मोठ्या समाधानानं तुझ्या खोलीत आलो. भिंतींना बारदान ठोकलेली ती खोली, जिला तू स्टुडिओ म्हणायचास आणि शिपाई गोदाम म्हणायचा. मी म्हटलं, तुझी मुलं तुला फसवताहेत. घाण मुद्दाम टाकतात आणि मग साफ केल्याचे गुण घेतात.

तू हेडफोन काढलेस. विचार केलास. मग चेहरा असा उजळला की मला माझ्या समाधानाची काळजी वाटू लागली.

"मुद्दाम टाकतस?"

"हो."

"म्हनजे काय टाकं तर लोके कंटाळतीस, हाई त्यास्ले आधीच समजस?"

मला हो म्हणावं लागलं.

"मंग शेठ, आखो काय शिकाडू मी त्यास्ले?"

त्या पोराला तू चांगले गुण दिलेस. काकांचं भाषण तुझ्याकडे जपून ठेवलंस आणि दर वर्षी नव्या मुलांना 'कंटाळ्याचा उत्तम नमुना' म्हणून ऐकवलंस. तुझ्या अभ्यासक्रमात एवढं टिकलेलं दुसरं काही नव्हतं.

पण एक वाद आपला अर्धाच राहिला. मी म्हणायचो, बायका बोलायला लागल्या म्हणजे कार्यक्रम मेला, हे तुझं गृहीतक कच्चं आहे. समजा त्या कार्यक्रमाबद्दलच बोलत असतील तर? कापड चांगलं असलं की गिऱ्हाईक गप्प बसत नाही, उलट जास्त बोलतं. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तू मान हलवायचास. "तशे व्हस नही, शेठ. लोके आयकतस नहीतर बोलतस." मी म्हणायचो, होईल एक दिवस. तू म्हणायचास, "जव्हय व्हई तव्हय पाहू."

झालं, भास्कर. तू नव्हतास.

रमिलाचा कार्यक्रम बाजाराच्या जीपवर होता. आठवडी बाजाराला डोंगरातून उतरणारी जीप. आत जितकी माणसं तितकीच टपावर. पहिल्या खेपेला मीही होतो, तुझ्या शेजारी. टपावर एक म्हातारबा कोंबडी घेऊन बसलेत. कोंबडी माइकपाशी कलकलाट करते. म्हातारबा तिला आधी पावरीत, आपल्या डोंगरी बोलीत, रागावतात, मग त्यांच्या लक्षात येतं की रेडिओचं काम चालू आहे, म्हणून घसा खाकरून तिला तेच शाळेतल्या मराठीत सांगतात: "कृपया शांत बसावे." पथारीवरच्या बायका इतक्या हसल्या की फडकी सोडून डोळे पुसावे लागले, आणि मिरचीच्या हातानं डोळे पुसल्यावर जे व्हायचं ते झालं. मीही हसलो. तू हसला नाहीस. रमिलाला फक्त म्हणालास, "परत ये, बेटा." तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, एवढं हसवूनही आपण नापास.

तिच्यासाठी ते साधं नव्हतं. धडगावकडे एक संस्था छोटं रेडिओ केंद्र सुरू करत होती. त्यांना पावरी बोलणारी आणि प्रसारणाचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेली मुलगी हवी होती. पावरी बोलणाऱ्या पुष्कळ, उत्तीर्ण झालेल्या थोड्या, दोन्ही असलेली ही एक. आणि हिचा एकच विषय तुझ्यापाशी अडकलेला. निकाल वेळेत लागला नाही तर जागा दुसरीकडे जाणार होती. प्राचार्यांनी उपाय सुचवला: तिचे आधीचे गुण बघा, सरासरी काढा, टाका. सरासरीवर ती दोनेक गुणांनी खाली राहत होती. "मग वाढवा थोडे," ते म्हणाले. "सर दयाळू होते."

तू दयाळू नव्हतास. त्या मुलीचं तू काहीतरी ऐकायचं बाकी ठेवलं होतंस, आणि दया हा त्याचा अपमान झाला असता. मी भोंगा काढला. शिपायानं विचारलं, "गोदामाची किल्ली परत देणार ना?" रमिला आणि मी रिक्षानं पथारीवर गेलो.

मालनबाई नेहमीच्या जागी होत्या, रांगेच्या टोकाला. तिथल्या गप्पांची सूत्रं त्यांच्या हातात असतात, हे तुला माझ्यापेक्षा ठाऊक.

"आज तुम्हीन का, शेठ?" तिथंही मी शेठच, ही तुझीच कृपा. "भोंगावाला सर नही उनात?"

मला वाटलं होतं, बातमी पोचली असेल. नव्हती पोचली. मी म्हणालो, "सर वारनात, मालनबाई. गयला आठवडामा."

त्यांचे हात थांबले. मग शेजारणीचे. मग सगळ्या रांगेचे. इतक्या वर्षांत तुझ्या एकाही विद्यार्थ्याच्या कार्यक्रमाला हे साधलं नव्हतं.

थोड्या वेळानं मालनबाईंनी फडकं सारखं केलं. "चांगला मानूस व्हता. बोलाडे कमी, बठे जास्त." मग रमिलाकडे बघून म्हणाल्या, "लाव व माय. पोर कव्हयनी उभी शे."

रमिलानं लावलं आणि भोंग्याकडे पाठ करून बसली.

जीप होती, चढ होता, गिअरचा आवाज होता. कोंबडी नव्हती. म्हातारबा होते, पण आता पावरीतच बोलत होते, सावकाश, कुणाला ऐकवायचं नाही अशा आवाजात. बायका क्षणभर गप्प राहिल्या. मग एकीनं विचारलं, "काय म्हनी ऱ्हायना तो?"

मेला, मी मनात म्हटलं.

"मले काय माहीत? ये व, तुले समजस का?"

हे रांगेच्या शेवटी बसलेल्या एका बाईला. ती डोंगरातली. मी तिला आधीही पाहिलं होतं, तिचा आवाज मात्र कधी ऐकला नव्हता. तिनं खाली बघत सांगितलं, म्हातारा म्हणतोय, पूर्वी बाजाराला चालत जायचो, तर वाटेत नातेवाईक भेटायचे. आता जीप थांबत नाही. कोण जिवंत आहे ते कळत नाही.

"बरोबर शे त्यान्हं," मालनबाई म्हणाल्या.

"बरोबर काय? पायी चालाले लावू का तुले?"

"मन्ही बहीन देयल शे नवापूरले. सालमा एक डाव भेटस."

"गप ऱ्हाय ना व, आयकू दे! मंग, फुढे काय म्हने?"

आणि ती डोंगरातली बाई सांगत राहिली. दोघी तिच्याजवळ सरकल्या. तिनं एक शब्द चुकीचा सांगितला असं रमिलाला वाटलं असावं. ती वळू पाहत होती, पण नियम आठवून तशीच बसली. संपेपर्यंत एक क्षण कुणी गप्प नव्हतं. शेवटी एकीनं तक्रारही केली, "ती कोंबडी कठे गई? कोंबडी चांगली व्हती."

तुझ्या नियमानं हा कार्यक्रम पहिल्या मिनिटात मेला आणि शेवटपर्यंत मेलेला राहिला. माझ्या म्हणण्याप्रमाणे तुझ्या पथारीवर एवढा जिवंत कार्यक्रम कधी वाजलाच नव्हता. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो ते समोर घडलं होतं. मी सवयीनं डावीकडे वळलो, तुझं तोंड बघायला. तिथं बाभूळ होती.

मग मी तुझा प्रश्न विचारला. माझ्या तोंडी तो उसना वाटत होता. "काय कापलंस?"

"कोंबडी," रमिला म्हणाली.

"लोक तर तिलाच हसले होते."

"कोंबडीला नाही, सर. टपावरच्या आबांना हसले. आबा एरवी मराठी बोलत नाहीत. मी माइक समोर धरला म्हणून बोलले. त्यांना वाटलं, रेडिओवर असंच बोलावं लागतं. मी धरला नसता तर ते तसे बोललेच नसते. म्हणजे ते खरे आबा नव्हते, माझ्या माइकनं केलेले होते. मग मी परत गेले. दोन बाजार नुसती जीपवर बसले, माइक मांडीवर ठेवून. आबा माइक विसरले तेव्हा सुरू केला."

"भास्कर सरांनी सांगितलं होतं असं करायला?"

"नाही. सर फक्त 'परत ये' म्हणाले. आधी वाईट वाटलं. मग घरी पुन्हा ऐकलं, तेव्हा कळलं सर का नव्हते हसले."

मी विद्यापीठाचा तक्ता मनात उलटसुलट करून पाहिला. माइक समोर आला की माणूस बदलतो, आणि तो बदल आपण केलेला असतो, हे एका मुलीला कुणीही न सांगता कळलं. हे भरायला त्यात रकाना नव्हता. भाषेच्या रकान्यात तर पावरीला शून्यच बसत होतं. मी तक्ता बाजूला ठेवला. तू जसे दिले असतेस तसे दिले: भरपूर, पण पूर्ण नाहीत. पूर्ण गुण दिले तर माणूस परत येत नाही, असं तू म्हणायचास, आणि त्या बाबतीत मी तुझ्याशी कधीच भांडलो नव्हतो.

तुला एक सांगायचं राहिलं. गेली काही वर्षं मी माझ्या वाणिज्याच्या वर्गात उत्तरपत्रिका तपासून परत देतो आणि मुलांना ती पुन्हा लिहून आणायला सांगतो. आणली की विचारतो, काय खोडलंस, का खोडलंस. ताळेबंदात खोडण्यासारखं फार नसतं, तरी मुलं शोधतात. हे तुला कळलं असतं तर तू ते दर जेवणाच्या सुट्टीत ऐकवलं असतंस, म्हणून सांगितलं नाही. आता सांगण्यात धोका नाही. धोका असता तर बरं झालं असतं.

आपल्या वादाचं म्हणशील तर तो मी जिंकलो. म्हणजे लोक बोलतही असतात आणि ऐकतही असतात, हे सिद्ध झालं. पण सिद्ध झालं ते तुझ्या भोंग्यावर, तुझ्या पथारीवर, तू परत पाठवलेल्या मुलीच्या कार्यक्रमात. तेव्हा नक्की कोण जिंकलं, हे ठरवायला तूच हवा होतास. तू बहुतेक म्हणाला असतास, "दखं? मी म्हने ना, तव्हय पाहू." आणि मी चिडलो असतो.

गुण विद्यापीठाच्या संगणकात भरायला बसलो, तर त्यानं माझं नाव घेतलं नाही. त्या विषयाला परीक्षक म्हणून तिथं अजून तूच आहेस. प्राचार्यांनी फोन लावला. तिकडून सांगितलं, नाव बदलायला वेळ लागेल, तूर्त आहे त्याच खात्यातून भरा. प्राचार्यांसमोर बसून भरले. रमिला उत्तीर्ण झाली, पुढच्या महिन्यात धडगावला रुजू होईल.

दुपारी तुझ्या नावानं निरोप आला: मुदतीच्या आत गुण सादर केल्याबद्दल विद्यापीठ आपलं आभारी आहे. तुझ्या सबंध नोकरीत हा निरोप तुला पहिल्यांदाच आला.